तिसऱ्या दिवशी विचारायचा प्रश्न



मागच्या महिन्यात आम्ही सारोळ्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्ते गोळा झाले, वही मिटली आणि चहा येईपर्यंत गप्पा सुरू झाल्या. ज्यांच्या घरी बैठक होती, त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आदल्याच रात्री पाचवी पुजली होती. बाळ आतल्या खोलीत रडत होतं. शेजारच्या आजी उठून आत गेल्या आणि लगेच बाहेर येऊन म्हणाल्या, "पोरीच्या छातीचा दगड झालाय. बाळानं तोंड लावलं की दात आवळून बसतीय. म्हस अशी तुंबली असती तर एव्हाना चार जणी धावल्या असत्या."

सगळ्या हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. आम्ही विचारलं, "तुमच्यापैकी कुणाकुणाला असं दुखलं होतं?" आधी दोन हात वर झाले, मग पाच, मग जवळजवळ सगळेच. कुणाची बोंडं चिरली होती, कुणाला गाठ धरून ताप भरला होता, एकीच्या छातीला फोड होऊन तो फोडावा लागला होता. "मग तेव्हा कुणाला सांगितलंत?" यावर आजीच बोलल्या, "सांगाया आधी कुणी इचाराया तर पायजे."

आजच्या भागात आम्ही या न विचारलेल्या दुखण्याचा इतिहास सांगणार आहोत. राजांचा आणि लढायांचा इतिहास आपण शाळेत शिकलो. बाळाला अंगावर पाजताना आईला काय होतं, यालाही इतिहास आहे, आणि तो बराच जुना आहे.

आपल्या भागातल्या गोष्टीपासून सुरुवात करू. वेल्ह्याच्या डोंगरापलीकडे रायगड. तिथली हिरकणीची कथा ऐकली नाही अशी बाई आपल्याकडे सापडायची नाही. गडावर दूध विकायला गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती रात्री कडा उतरून गेली. आपण ही कथा सांगतो ती बाळाच्या भुकेची आणि आईच्या धाडसाची. पण ज्यांनी पाजलंय त्या बायांना अजून एक गोष्ट कळेल. दिवसभर बाळ लांब राहिल्यावर त्या बाईची छाती कशी झाली असेल? पान्हा दाटून आलेला, चोळी भिजलेली, हात वर केला तरी कळ येणारी. कथेत हे कुणी सांगितलेलं नाही. आज एसटी स्थानकांवर मायलेकरांसाठी आडोशाची खोली असते, तिला 'हिरकणी कक्ष' म्हणतात. नाव योग्यच दिलंय.

आता दोन हजार वर्षं मागे जाऊ. सुश्रुतसंहिता हा शस्त्रक्रियेचा जुना ग्रंथ. त्यात स्तनाच्या दुखण्याचा वेगळा विचार आहे, आणि त्यातल्या तीन सूचना आज वाचल्या तरी आश्चर्य वाटतं. पहिली, सुजलेल्या स्तनावर गरम पोटीस बांधून ठेवू नका, कारण तिथलं मांस मऊ असतं, ते लवकर नासतं आणि फुटतं. दुसरी, पू झालाच आणि कापावं लागलं, तर दूध वाहून नेणाऱ्या नाड्या आणि बोंडाचा काळा भाग वाचवून कापा. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. दुखणं कच्चं असो, आग होत असो किंवा पिकलेलं असो, प्रत्येक अवस्थेत स्तनातलं दूध काढत राहा. दूध आत साठू देऊ नका.

हाच ग्रंथ आणखी एक बारीक गोष्ट सांगतो. पहिल्यांदा पाजण्याआधी थोडं दूध पिळून काढावं. गच्च भरलेल्या, ताठ छातीला बाळ तसंच लावलं तर त्याला ठसका लागतो, ते ओकतं. गाई-म्हशींची धार काढणाऱ्या बाईला हे पटायला वेळ लागत नाही. आईलाही याचा फायदाच होतो. थोडं दूध काढलं की बोंडाभोवतीचा भाग मऊ पडतो आणि बाळाला तो नीट तोंडात घेता येतो.

लेकराबाळांच्या आजारांवरचा काश्यपसंहिता नावाचा जुना ग्रंथ नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितावरून १९३८ साली छापला गेला. त्यात या दुखण्याला 'स्तनकीलक' असं नाव आहे. कीलक म्हणजे खिळा. छातीत खिळा ठोकल्यासारखं दुखतं, हे ज्याने ते नाव ठेवलं त्याला कुणीतरी बाईने सांगितलंच असणार. म्हणजे त्या काळी निदान एकदा तरी कुणीतरी विचारलं होतं.

पण मैत्रिणींनो, जुनं ते सगळंच सोनं नसतं. ज्या सुश्रुतसंहितेने दूध साठू देऊ नका म्हटलं, त्याच ग्रंथात बाळाला पहिले दिवस मध आणि तूप चाटवायला सांगितलंय. आईचं दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, असं तिथे धरलेलं आहे. चरकसंहिता मात्र वेगळं सांगते. मध-तूप चाटवून झालं की लगेच बाळाला उजवीकडे पाजायला घ्या, असं चरक म्हणतो. म्हणजे आपली परंपराही एका तोंडाने बोलत नव्हती. गावोगाव मात्र थांबण्याचीच चाल रुजली. पहिला पिवळसर चीक जड असतो, बाळाला पचत नाही, म्हणून तो पिळून टाकायचा आणि तिसऱ्या दिवशी पाजायला घ्यायचं, असं कित्येक घरांत चालत आलं.

यातली गंमत बघा. म्हैस व्यायली की तिच्या चिकाचा खरवस आपण शेजारीपाजारी वाटतो. पहिला चीक वासराला पाजल्याशिवाय राहत नाही, कारण नाही पाजला तर वासरू दगावतं हे आपल्याला ठाऊक आहे. आणि आपल्या स्वतःच्या चिकाला मात्र आपण खराब म्हणालो. आज डॉक्टर सांगतात की चीक ही बाळाची पहिली लस आहे आणि जन्मानंतर पहिल्या तासातच बाळाला पाजायला घ्यावं. मध, साखरपाणी, गुटी यांतलं काहीही देऊ नये.

चीक टाकण्याचं नुकसान फक्त बाळाचं झालं असं नाही. आईच्या दुखण्याचं मोठं कारणही तिथेच आहे. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास दुधाचा लोंढा येतो. पहिल्या दिवसापासून बाळ ओढत असेल तर तो लोंढा बऱ्यापैकी वाहून जातो. पण दोन दिवस बाळ लावलंच नसेल, तर छाती फुगून ताठ होते आणि बोंड आत दबतं. बाळाला ते धरता येत नाही, म्हणून ते नुसत्या टोकाला चावल्यासारखं ओढतं. मग बोंड चिरतं, दुखतं म्हणून आई कमी पाजते, दूध आणखी साठतं, गाठ धरते आणि ताप येतो. एकातून एक असं सगळं घडतं. जनावराला असं झालं की आपण 'दगडी' झाली म्हणतो आणि डॉक्टरला फोन करतो. बाईला झालं की म्हणतो, "होतं असं, सोसायचं."

सोसण्यामागे लाज होती आणि लाजेमागे एक व्यवस्था होती. पूर्वी डॉक्टर म्हणजे पुरुष. त्याला छाती कोण दाखवणार? कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी कोवळ्या वयात आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. १८८३ साली अमेरिकेला जाण्याआधी त्यांनी श्रीरामपूरला, म्हणजे कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला, भर सभेत भाषण केलं. आपल्या देशात बायकांसाठी बाई डॉक्टरची गरज आहे, हे त्यांनी तिथे ठासून सांगितलं. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी लिहिलेला प्रबंध आपल्याकडच्या प्रसूतिशास्त्रावरच होता, जुन्या ग्रंथांतल्या ज्ञानावर. पुढच्याच वर्षी पुण्यात त्या वारल्या. वय अवघं एकवीस. बाळंतिणीचं दुखणं बाईनेच बाईला विचारावं, यासाठी एक बाई सातासमुद्रापार गेली होती, हे आपण विसरू नये.

दुखण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे काम. शंभर वर्षांपूर्वी आपल्या भागातून, कोकणातून, घाटावरून कुटुंबंच्या कुटुंबं मुंबईच्या गिरण्यांत गेली. बाळंतीण थोड्याच दिवसांत कामावर जायची. दिवसभर बाळ घरी, आणि ते झोपून राहावं म्हणून त्याला अफूची 'बाळगोळी' दिली जायची. बाळ गुंगीत आणि आई यंत्रावर, छाती भरलेली. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देणारं भाषण केलं. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. देशातला या प्रकारचा तो पहिला कायदा.

आज सारोळ्याचा पूल ओलांडून नीरेपलीकडे शिरवळच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या आपल्या लेकी-सुनांना हे माहीत असायला हवं. कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत नेहमीच्या सुट्टीशिवाय दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी आहे. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. आणि भाताच्या लावणीला वाकणाऱ्या बाईला? तिच्यासाठी बांधावरचा कायदा कुणी केलेला नाही. तो आपल्यालाच करावा लागेल. दर दोन-तीन तासांनी तिला बाळाकडे जाऊ द्यायचं आणि तोवर तिची पात दुसरीने सांभाळायची.

बाई दुखणं सोसत असताना घरात आणखी एक वस्तू शिरली, ती म्हणजे दुधाच्या पावडरीचा डबा. छाती दुखते म्हणून बाळ पीत नाही, पीत नाही म्हणून रडतं, रडतं म्हणून सगळे म्हणतात, "हिला दूधच पुरत नाही." मग डबा येतो. गरीब देशांत असे डबे आणि बाटल्या विकण्यासाठी मोठ्या कंपन्या काय काय करतात, यावर १९७० नंतर जगभर आवाज उठला. १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने अशा जाहिरातींवर बंधनं घालणारी संहिता मंजूर केली. आपल्या देशात १९९२ साली कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून तो लागू झाला. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटलीची जाहिरात करणं, फुकट नमुने वाटणं हा त्यामुळे गुन्हा ठरला. या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा. स्तनपानाचा प्रचार करणारी देशपातळीवरची संस्था १९९१ साली वर्ध्यात सुरू झाली. त्याआधी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची पेढी सुरू केली. ज्यांची छाती भरून येते त्या आयांचं दूध तिथे अशक्त बाळांसाठी ठेवलं जातं. आशियातली ती पहिली दूधपेढी. एकीला जे दुखत होतं, तेच दुसरीच्या बाळाला जगवायला लागलं.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा इतिहास सांगितला, तिथे येऊ. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग १९८६ पासून गडचिरोलीत काम करतात. नव्वदच्या दशकात त्यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत तयार केल्या. या बाया बाळंतिणीच्या घरी जायच्या, बाळाला बघायच्या आणि आईलाही विचारायच्या. १९९५-९६ मध्ये अशा ७७२ बायांची नोंद ठेवली गेली. बाळंतपणानंतर काय काय त्रास होतो, याचा हिशेब झाला. सगळ्यात वर कुठला त्रास निघाला असेल? आपल्याला वाटेल अंगावरून जास्त जाणं किंवा ताप. निघाला तो छातीचा त्रास. शंभरात अठरा जणींना स्तनाचं काही ना काही दुखणं होतं. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग त्याच्या खाली होते.

त्या अठरा जणी आधीच्या वर्षीही असणार, त्याच्या आदल्या वर्षीही. पण त्या कुठल्याच दवाखान्याच्या वहीत नव्हत्या, कारण या दुखण्यासाठी बाई दवाखान्यात जात नव्हती. कुणीतरी घरी जाऊन विचारलं, तेव्हाच ते दुखणं मोजलं गेलं. याच कामातून पुढे देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या येतात. पहिली भेट तिसऱ्या दिवशी. छाती भरून येते तोच हा दिवस.

मग विचारायचं काय आणि करायचं काय? त्या दिवशी सारोळ्यात आशाताईंना बोलावून आम्ही सगळ्यांनी मिळून जे उजळलं, तेच इथे सांगतो.

पहिले काही दिवस बाळाने तोंड लावल्यावर क्षणभर कळ येणं समजू शकतं. पण पाजणं संपेपर्यंत दुखत असेल किंवा बोंडाला भेग पडली असेल, तर बहुतेक वेळा बाळाने नीट धरलेलं नसतं. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं हवं, मान वळलेली नको. तोंड मोठं उघडल्यावरच जवळ घ्यायचं. नुसतं बोंड नाही, तर भोवतीचा काळा भागही, विशेषतः खालचा, तोंडात जायला हवा. हनुवटी छातीला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला हवा. दुखत असेल तर बाळ ओढून काढू नका. करंगळी त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात घाला म्हणजे पकड सुटते, आणि पुन्हा लावा. भेगांना साबण लावू नका. पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचे दोन थेंब लावून हवेवर सुकू द्या. तंबाखू, मिश्री, चुना असलं काही लावू नका, ते बाळाच्या पोटात जातं. पाजताना कमी दुखणारी बाजू आधी द्या.

छाती ताठ झाली असेल तर पाजण्याआधी दोन-चार मिनिटं कोमट पाण्यात पिळलेलं फडकं ठेवा. मग अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या मागे ठेवून आधी छातीकडे दाबा, नंतर एकमेकांकडे. थोडं दूध निघालं, भाग मऊ पडला, की बाळ लावा. पाजल्यावर गार फडकं ठेवा, सूज उतरते. जोरात रगडून गाठ फोडायचा प्रयत्न करू नका, आतली सूज वाढते. बाळाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजा.

एखादा भाग लाल, गरम होऊन ताप-थंडी आली, तर पाजणं थांबवू नका. ते दूध बाळाला बाधत नाही, आणि थांबवलं तर दुखणं वाढतं. सुश्रुताचा सल्ला आणि आजच्या डॉक्टरांचा सल्ला इथे जुळतो. पण घरीच बसून राहू नका. एका दिवसात उतार पडला नाही किंवा ताप जास्त असला तर आरोग्य केंद्रात जा. बाळ अंगावर पितं हे डॉक्टरांना सांगा म्हणजे ते त्याप्रमाणे गोळ्या देतील. हाताला मऊ, पाणी भरल्यासारखी गाठ लागली तर पू झालेला असू शकतो, तेव्हा त्याच दिवशी जा. बाळाच्या तोंडात न निघणारा पांढरा थर आणि आईच्या बोंडांना आग, असं दोन्ही असेल तर मायलेकरं दोघांनाही औषध लागतं.

सारोळ्याच्या गटाने त्या दिवशी ठरावाच्या वहीत एक ओळ लिहिली. कर्जाच्या आणि हप्त्यांच्या नोंदींखाली. गावात कुणी बाळंत झालं की तिसऱ्या दिवशी गटातली एक बाई तिच्या घरी जाईल. बाळाचं वजन, बाळाचा रंग, नाव काय ठेवणार, हे सगळे विचारतातच. गटातल्या बाईने आधी आईजवळ बसायचं आणि तिला विचारायचं, "पाजताना दुखतं का गं?"

आतल्या खोलीतल्या त्या लेकीला आजींनी तेव्हाच जवळ घेऊन बसवलं होतं. कोमट फडकं झालं, थोडं दूध निघालं, बाळाचं तोंड मोठं उघडेपर्यंत आजींनी वाट पाहायला लावली. चहाचे कप गोळा होईपर्यंत बाळ गप्प झालं होतं. पोरगी म्हणाली, "आता एवढं नाही लागत, आजी." आजी म्हणाल्या, "उद्या परत येते बघायला."

मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या वहीतही ती एक ओळ लिहा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, बाळाची आणि बाळाच्या आईचीही.